पानवलचा पूल आणि दाभोळची वीज : सरकारी खरेदीने तंत्रज्ञान कसे येते

सरकार हे कोणत्याही देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. रस्ते, पूल, रेल्वे, वीज, औषधे, शस्त्रे यांवर होणारा खर्च निविदांच्या वाटेने बाजारात उतरतो आणि त्या निविदेत जे मागितले जाते ते बनवण्यासाठी उद्योग तयार होतात. मागणी नेहमीच्या मालाची असेल तर नेहमीचाच माल मिळतो. मागणी अवघड प्रश्नाच्या उत्तराची असेल तर नवे तंत्र जन्माला येते, किंवा दुसऱ्या देशातून येऊन इथे रुजते. अशा खरेदीचे यश आणि अपयश दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यात, एकाच दशकात घडले.

पहिला व्यवहार कोकण रेल्वेचा. 1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली होती. पुढे सह्याद्रीचे उतार, खाड्या आणि पावसात ढासळणारी माती होती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना स्वतंत्र महामंडळाची कल्पना पुढे आली आणि जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये भागीदार झाली आणि उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग बांधायचा होता. त्यात नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे 2,000 पूल होते.

देशात रेल्वेचे इतके बोगदे एका वेळी कधी खणले गेले नव्हते. हातयंत्रांनी खडक फोडण्याच्या जुन्या गतीने हे काम पुढच्या पिढीपर्यंत लांबले असते. म्हणून स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रे आणली गेली. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे आणि पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत तो देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पण आयात यंत्रे कठीण कातळासाठी होती. चिखलासारख्या मऊ मातीत त्यांचा उपयोग नव्हता. तिथे हाताने थोडे थोडे खणत, लगेच आधार देत पुढे सरकावे लागले. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने तर अनेक वर्षे घेतली. परदेशी यंत्र आणि स्थानिक हिकमत यांची सांगड घालण्याचे काम खरेदीदाराच्याच अभियंत्यांना करावे लागले.

या सगळ्यात रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल जवळून पाहण्यासारखा आहे. लांबी सुमारे 424 मीटर, उंची 64 मीटर. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारून वरचा पृष्ठभाग ओतणे महागाचे आणि धोक्याचे होते. त्यासाठी देशात प्रथमच इन्क्रिमेंटल लाँचिंग ही पद्धत वापरली गेली. तिचे मूळ जर्मन अभियंते फ्रिट्झ लिओनहार्ट आणि विली बाउर यांच्या कामात आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेनेझुएलातील कारोनी नदीवर त्यांनी ती वापरली. या पद्धतीत पुलाच्या टोकाला, जमिनीवर, काँक्रीटचा एक तुकडा ओततात. तो पक्का झाला की पोलादी तारांनी ताणतात आणि जॅकने दरीच्या दिशेने ढकलतात. मागे मोकळ्या झालेल्या जागेत पुढचा तुकडा ओतला जातो आणि आधीच्याला जोडला जातो. पुढच्या टोकाला हलके पोलादी नाक लावलेले असते, म्हणजे पुढचा खांब गाठेपर्यंत अधांतरी भागाचा भार कमी राहतो. खांबांच्या माथ्यावरच्या गुळगुळीत टेफ्लॉनच्या गाद्यांवरून सारा पूल बोटाबोटाने सरकत दरी ओलांडतो.

26 जानेवारी 1998 रोजी मार्ग राष्ट्राला अर्पण झाला, पण खरेदीचे फळ तिथे संपले नाही. 1999 पासून मालाने भरलेले ट्रक थेट वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. गाड्यांची टक्कर टाळणारे उपकरण महामंडळाने स्वतः विकसित केले. पुढे काश्मीरच्या रेल्वेमार्गाचा अवघड टप्पा महामंडळाकडे आला. त्यातला चिनाब नदीचा पूल पात्रापासून 359 मीटर उंच आहे आणि जून 2025 मध्ये तो खुला झाला. 2020 मध्ये नेपाळला दोन डेमू गाड्या पुरवण्याचे कामही याच महामंडळाने केले. स्वीडनची यंत्रे आणि जर्मन पद्धत वापरणारी संस्था तीस वर्षांत स्वतःच शेजारी देशाची पुरवठादार झाली.

दुसरा व्यवहार दाभोळचा. नाव दाभोळचे असले तरी हा वीजप्रकल्प खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ उभा आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी 8 डिसेंबर 1993 रोजी 20 वर्षांचा वीजखरेदी करार केला. जनरल इलेक्ट्रिकची टर्बाइन्स, बेक्टेलचे बांधकाम, पुढे आयात द्रवरूप नैसर्गिक वायू : तंत्रज्ञान आधुनिक होते. मात्र स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. दर डॉलरशी बांधलेला होता. वीज कमी घेतली तरी स्थिर आकार भरावा लागणार होता आणि त्यामागे राज्य व केंद्राची हमी होती. जागतिक बँकेने 1993 मध्येच प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. 1995 मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला, नंतर वाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि मे 2001 मध्ये वीजखरेदी थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

बंद पडलेला प्रकल्प चालवण्यासाठी 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली. वायू उतरवण्याचे टर्मिनल 2013 मध्ये कार्यान्वित झाले, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नसत. नोव्हेंबर 2015 पासून इथली वीज रेल्वेने घेतली.

दोन्ही व्यवहारांत तंत्रज्ञान सीमेपलीकडूनच आले. फरक खरेदीदाराच्या हाती काय उरले, यात आहे. कोकण रेल्वेने आपली अडचण ओळखून साधने मिळवली आणि ती आपल्या माणसांच्या हातून वापरली. म्हणून कौशल्य संस्थेतच राहिले. वीज मंडळाने तयार वस्तू विकत घेतली. डॉलरचा, इंधनाचा आणि मागणीचा धोका मात्र स्वतःकडे ठेवला.

जगभरचे नियम आता याच फरकाभोवती फिरतात. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशात खरेदीदार आणि पुरवठादार मिळून बाजारात नसलेली वस्तू विकसित करतात, अशी स्वतंत्र पद्धत आहे. अमेरिकेने 1982 मध्ये मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधननिधीचा ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखण्याची पद्धत आणली. भारताने 2017 मध्ये देशी घटक असलेल्या मालाला सरकारी खरेदीत प्राधान्य दिले आणि 2020 मध्ये 200 कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा सामान्यतः बंद केल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत सदस्य नाही, 2010 पासून केवळ निरीक्षक आहे. तरीही संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन यांच्याशी झालेल्या करारांत सरकारी खरेदीचे प्रकरण आले आहे.

दार किती उघडावे, हा धोरणाचा प्रश्न आहे. पण दार उघडे असो वा अर्धे लोटलेले, निविदा लिहिणाऱ्या खात्यात काम समजणारे अभियंते हवेत, दर उघड स्पर्धेतून ठरायला हवा आणि शिकलेले ज्ञान खात्यात राहील अशी अट करारातच हवी. पानवलला खरेदीदाराकडे असे अभियंते होते. अंजनवेलला उघड स्पर्धाच झाली नव्हती, आणि त्या उणिवेची किंमत महाराष्ट्राने अनेक वर्षे भरली.