माळीण आणि भोवतालचा डोंगरमुलूख

एखाद्या प्रदेशाची ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्यातील एक लहानसे गाव घेऊन त्याच्याभोवतीची जमीन, पाणी, रान व शेती यांचा विचार करणे सोयीचे ठरते. लहान गावात माणसाचे निसर्गाशी असलेले नाते उघडपणे दिसते. शहरात नळ, सडक आणि बाजार यांच्या आड ते झाकले जाते. सह्याद्रीच्या माथ्यालगत, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात वसलेले माळीण हे असेच एक गाव होते. 2014 सालच्या जुलै महिन्यापर्यंत तालुक्याबाहेर त्याचे नाव फारसे कोणाच्या कानी नव्हते. त्यानंतर ते देशभर माहीत झाले, ते मात्र त्या गावाच्या अंतामुळे. तो अंत कसा ओढवला हे समजण्यासाठी प्रथम तो डोंगरमुलूख समजून घेतला पाहिजे.

खडक आणि माती

पुण्याच्या उत्तरेस, भीमाशंकरच्या आसपास सह्याद्रीची धार कोकणाच्या बाजूस एकदम तुटलेली आहे. पश्चिमेस सरळ कडा, पूर्वेस उतरत जाणाऱ्या डोंगररांगा, आणि त्या रांगांमधून वाहणाऱ्या घोड, भीमा यांसारख्या नद्यांची अरुंद खोरी, अशी या भागाची ठेवण आहे. हे सर्व डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांपासून दख्खनचे पठार तयार झाले. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट व कठीण असून त्यांचे उभे कातळकडे होतात. काही मात्र बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ असतात. त्यांना मांजऱ्या खडक असे म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठेकोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टाही आढळतो. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो. त्यामुळे या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले आहे. कड्याच्या पायथ्याशी, दोन पायऱ्यांच्या मधल्या उतरणीवर, झिजलेल्या दगडाची आणि मातीची जाड साय साचते. याच सायीवर रान वाढते, येथेच शेती होते आणि बहुतेक वाड्यावस्त्याही येथेच वसतात.

या जमिनीचे वेगळेपण ध्यानात यावे म्हणून अगदी उलट प्रकारच्या भूमीकडे पाहता येईल. कोलकात्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी हा भाग सुतानुटी या गावात मोडत असे. 1742 साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तो या बागबाजारापासून. काही महिन्यांतच सुमारे तीन मैल लांबीचा खंदक कुदळी-फावड्यांनी खणून झाला. धोका टळल्यावर काम थांबले. पण ‘मराठा खंदक’ हे नाव पुढे दीर्घकाळ राहिले. एवढे काम इतक्या लवकर होऊ शकले, कारण तेथील जमीन सगळी गाळाची आहे. शेकडो मीटर खोल गेले तरी तेथे कातळ लागत नाही. हा गाळ हिमालयाच्या उतारांवरून सुटलेल्या मातीचा आहे. डोंगर ढासळतात आणि खाली मैदाने भरतात, हा पृथ्वीचा नित्याचा व्यवहार आहे. मैदानात राहणाऱ्यास त्याचे फळ मिळते. डोंगरावर राहणाऱ्यास त्याची जोखीम पत्करावी लागते.

पाऊस आणि रान

इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातही पाऊस पुष्कळ पडतो. परंतु तो वर्षाच्या बाराही महिन्यांत विभागलेला असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेकडे साठेक किलोमीटरांवर, मंचरच्या परिसरात, पावसाचे मान त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास येते. एकाच तालुक्याच्या एका टोकाला भाताची खाचरे व दाट रान, तर दुसऱ्या टोकाला बाजरीची कोरडवाहू शिवारे, असा फरक त्यामुळे दिसतो.

माथ्यावरील रानात हिरडा, जांभूळ, अंजनी ही झाडे विपुल आहेत. उतारांवर कारवी माजते. सात-आठ वर्षांतून एकदा ती सगळी एकदम फुलते आणि वाळते. तिच्या काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेणमाती लिंपून घरांच्या भिंती करण्याची रीत येथे पूर्वापार आहे. आहुप्यासारख्या गावी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया अजून उभ्या आहेत. शेकरू ही मोठी, तांबूस खार या रानाची खूण होय. तिच्या रक्षणाच्या हेतूने 1985 साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर आहे.

माणसे आणि शेती

या मुलखातील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. त्याशिवाय ठाकर व कातकरी यांच्याही वाड्या आहेत. हा समाज डोंगरी किल्ल्यांच्या व घाटवाटांच्या राखणीत वाकबगार होता. इंग्रजी अमलात सावकारी व महसूल यांच्या जाचाविरुद्ध याच समाजाने उठाव केले. राघोजी भांगरे यांना त्याबद्दल 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे 1878 च्या वन कायद्याने रानावरील लोकांचे जुने हक्क आकसले. शंभराहून अधिक वर्षांनी, 2006 च्या वनहक्क कायद्याने ते काही अंशी परत देण्याची सोय झाली.

शेती दोन प्रकारची. ओढ्याकाठच्या सपाटीवर बांध घालून भाताची खाचरे केलेली असतात. चढावर नाचणी, वरई, सावा ही पिके घेतात. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पावसाच्या आरंभी त्यावर रोप टाकावयाचे आणि आषाढात चिखलणी करून आवणी करावयाची, हा भाताचा क्रम होय. चढावरची जमीन दोन-तीन वर्षे पिकवून पुढे काही वर्षे पड टाकीत, म्हणजे तिची माती सावरे. रोख पैसा मिळवून देणारी वस्तू म्हणजे बाळहिरडा. चैत्र-वैशाखात झाडांवर चढून कोवळी फळे उतरवतात व उन्हात वाळवून विकतात. औषधाच्या व कातडी कमावण्याच्या धंद्यात त्यांना मागणी असते. पावसाळ्याचा शिधा, मीठमिरची आणि मुलांच्या वह्यापुस्तके यांचा खर्च पुष्कळ घरांत या फळांवर भागतो.

खाचर ही येथील खरी मालमत्ता. उतार कोरून, दगडाची ताल रचून, मागे माती भरून एक खाचर उभे करणे हे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे काम असते. म्हणून शेजारीपाजारी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबत. या रिवाजास पडकई म्हणतात. हाताने केलेले काम सावकाश होई आणि दरवर्षी थोडेच होई, त्यामुळे उताराला बसावयास वेळ मिळे. पुढे या कामास सरकारी योजनेचे रूप आले, आणि काही ठिकाणी यंत्रेही डोंगरावर चढली.

याच काळात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव त्या जलाशयात गेले; तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे. खोऱ्यातील उत्तम खाचरे पाण्याखाली गेल्यामुळे राहिलेल्या जमिनीवरील, म्हणजे उतारावरील, भार वाढला. धरणाचे पाणी पूर्वेकडील शेतांना मिळाले.

30 जुलै 2014

बुब्रा या लहान नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्यालगतच्या उतरणीवर माळीणचे गावठाण होते. आदल्या दिवसापासून पाऊस सारखा कोसळत होता. 30 जुलैच्या सकाळी गावामागील डोंगराचा एक मोठा भाग सुटला आणि चिखल, धोंडे व झाडे यांच्यासह घरांवर आला. चाळीसहून अधिक घरे काही क्षणांत गाडली गेली. दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या मार्गावरील एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके कित्येक दिवस चिखल उपसत होती. एक तान्हे मूल व त्याची आई जिवंत हाती लागली. तसे भाग्य फार थोड्यांना लाभले. गावची शाळा मात्र ढिगाऱ्याच्या वाटेबाहेर राहून वाचली.

असे का घडते? उतारावरील माती दोन गोष्टींच्या बळावर जागी राहते. एक म्हणजे तिच्या कणांचे एकमेकांशी व खालच्या खडकाशी असलेले घर्षण. दुसरी म्हणजे झाडांच्या मुळांची पकड. पाऊस थांबून थांबून पडला तर पाणी झऱ्यांवाटे निघून जाते. तो अखंड पडला, तर माती व झिजलेला खडक यांच्या पोकळ्या पाण्याने भरतात. खालचा घट्ट पाषाण ते पाणी आत घेत नाही. मग कोंडलेल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून अलग करू लागतो, घर्षण कमी होते, आणि त्याच वेळी भिजलेल्या मातीचे वजन वाढलेले असते. वजन घर्षणाहून वरचढ झाले की उतार सुटतो. उताराचा पायथा कोणी कापला असेल, वर सपाटी करून पाणी मुरण्यास जागा केली असेल, किंवा झाडे तुटून मुळे कुजली असतील, तर ही वेळ लवकर येते. माळीणच्या बाबतीत अतिवृष्टी व झिजलेला खडक यांबद्दल दुमत नव्हते. यंत्रांनी केलेले सपाटीकरण आणि वृक्षतोड यांना किती दोष द्यावा, यावर मात्र जाणकारांत वाद झाला.

या दुर्घटनेशी ताडून पाहण्याजोगी एक घटना वेल्समधील आहे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी, ॲबरफॅन या खाणगावामागील टेकडीवर रचलेला कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग पावसाने भिजून खाली आला. खालच्या शाळेत वर्ग नुकतेच सुरू झाले होते. त्या दिवशी 116 मुले व 28 प्रौढ मृत्यू पावले. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता, ही गोष्ट चौकशीत स्पष्ट झाली आणि न्यायाधिकरणाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तेथील डोंगर माणसाने घातलेला होता, येथील निसर्गाचा. पण कोंडलेल्या पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच होता. दोषी कोण, याचे उत्तर तेथे लवकर मिळाले. येथे शेतकऱ्याची गरज, सरकारी योजना, रानाची तूट व आभाळ यांचे हात एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते तितके सरळ नव्हते.

नवे गाव आणि पुढचा प्रश्न

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले. 67 पक्की घरे, शाळा, रस्ते अशी त्याची रचना असून 2 एप्रिल 2017 रोजी ती घरे ताब्यात देण्यात आली. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तेथील भरावाची माती काही ठिकाणी खचली व रस्त्यांना भेगा पडल्या. नवी जागाही डोंगरातलीच होती. आणि डोंगरात भरावाची जमीन सिमेंटखाली गेली तरी पाण्याचे नियम बदलत नाहीत.

माळीण एकटे राहिले नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. दोन्ही ठिकाणी ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाच्या संवेदनशील भागांविषयीचा आपला अहवाल 2011 सालीच सादर केला होता. त्यावरून बराच वाद झाला. डोंगरातील लोकांना आपली शेती व रस्ते अडतील अशी धास्ती वाटली, आणि ती अगदीच अनाठायी होती असेही म्हणता येत नाही. ज्यांच्या वाट्याला आजवर वन कायद्याची बंदी आणि धरणाचे पाणी एवढेच आले, त्यांना आणखी एक नियम संशयास्पद वाटावा, हे स्वाभाविक आहे.

तरीही काही गोष्टी वादापलीकडच्या आहेत. उतार सुटण्यापूर्वी पुष्कळदा खुणा देतो. गावावरच्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या रुंदावत जातात. झाडे व खांब कलतात. स्वच्छ झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, आटते किंवा नव्याच जागी फुटते. घरांच्या चौकटी आवळून दारे लागेनाशी होतात. या खुणा ओळखण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. रोज गुरे घेऊन डोंगरावर जाणारा मुलगाही त्या पाहू शकतो. मात्र त्याने सांगितलेली गोष्ट ऐकून घेणारा कोणी तालुक्याला असला पाहिजे, आणि आषाढातल्या त्या दोन-तीन रात्री जाऊन राहण्यास गावाला खात्रीची जागा हवी. आवणीच्या दिवसांत माणूस शेत सोडून सहजासहजी जात नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

डोंगरात राहणे सोडून द्या, असे या लोकांना सांगणे सोपे आहे. परंतु हिरडा, खाचर आणि देवराई बरोबर नेता येत नाहीत, आणि खालच्या खोऱ्यातील चांगली जमीन अगोदरच पाण्याखाली गेली आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो उतारावर कसे राहावे, ताली कोठे रचाव्यात, कोणती झाडे कधीच तोडू नयेत आणि ओढ्याची वाट कशी मोकळी ठेवावी, एवढ्याचा. पडकईच्या जुन्या रिवाजात या प्रश्नांची काही उत्तरे होती. ती नव्या शास्त्राच्या जोडीने पुन्हा तपासून पाहणे, हे या मुलखातील प्रत्येक पावसाळ्याआधीचे काम आहे.