आधी पडायला शिका

गेल्या मे महिन्याच्या सुटीत शेजारची नववीतली मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. पडद्यावर एक तरुणी बोटीमागे दोर धरून पाण्यावरून सरसर घसरत होती. पायांना फळ्या, अंगात लाइफ जॅकेट, मागे पाण्याचा उंच फवारा. मुलीने विचारले, "मॅडम, ही बुडत कशी नाही?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. माझा जन्म अष्टमीचा. कुंडलिका नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर, पलीकडे रोहा, मध्ये पूल. एवढे आयुष्य नदीकाठी गेले, पण मला पोहता येत नव्हते. मी सातवीत असताना माझा मामेभाऊ नदीत बुडाला. बारा वर्षांचा होता. त्या दिवसापासून आमच्या घरात नदीचे नाव काढणे बंद झाले. नानी म्हणायची, "पाण्याचा काय भरवसा नाय." आम्ही मुलांनी पाण्याजवळ जाणे सोडले. पण पोहायला कोणीच शिकवले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी या खेळाची माहिती गोळा केली. त्यातून जे समजले ते आपल्या घरांसाठी उपयोगी आहे, म्हणून हा लेख.

आईच्या पातेल्यात वाकवलेल्या फळ्या

या खेळाचे नाव वॉटर स्कीइंग. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने १९२२ साली तो सुरू केला. बर्फावर घसरता येते, मग पाण्यावर का नाही, असे त्याला वाटले. पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, दोन्ही फसल्या. शेवटी त्याने पाइनच्या दोन लांब फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या पातेल्यातील उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वर वाकवली. बोट भाऊ चालवत होता. अनेकदा पडल्यावर २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. आज त्याच्या स्पर्धांत तीन प्रकार असतात. स्लालममध्ये बोट मधून सरळ जाते आणि खेळाडूला दोन्ही बाजूंच्या सहा तरंगत्या गोळ्यांना वळसा घालायचा असतो. पुरुषांच्या वरच्या गटात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांच्या ५५. या वेगाला सगळे गोळे पार झाले की पुढच्या फेरीत दोर कमी करतात. सुरुवातीला तो १८.२५ मीटर असतो. गोळे बोटीच्या मार्गापासून ११.५ मीटर दूर असतात, आणि उत्तम खेळाडूंसाठी दोर त्याहूनही आखूड होतो. म्हणजे नुसत्या दोराने गोळ्यापर्यंत पोहोचता येत नाही. शरीर पाण्यावर जवळजवळ आडवे झोकून, हात ताणूनच तेवढे अंतर गाठावे लागते. दुसऱ्या प्रकारात वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्यांत कसरती करायच्या, तिसऱ्यात उतरत्या फळीवरून लांब उडी घ्यायची.

पहिला धडा

मला सगळ्यात जास्त आवडली ती या खेळाची तालीम. ती सुरू होते जमिनीवर. शिकणारा गुडघे छातीशी घेऊन बसतो, हात सरळ ठेवतो आणि शिक्षक दांडा ओढतो. उठण्याची घाई करायची नाही, दांडा स्वतःकडे ओढायचा नाही, बोटीला आपल्याला उठवू द्यायचे. बहुतेक नवशिके घाई करतात आणि पडतात.

पडणे हाही शिकण्याचाच भाग आहे. तोल गेला की दांडा ताबडतोब सोडायचा. दोर हाताला किंवा अंगाला कधीच गुंडाळायचा नाही. पडल्यावर हात वर करून "मी ठीक आहे" अशी खूण करायची, म्हणजे आपली बोट परत येते आणि दुसऱ्या बोटींनाही माणूस दिसतो. खेळाडूला वर घेताना इंजिन बंद करायचे, कारण खाली पंखा असतो.

शिवाय बोटीत किमान दोन माणसे लागतात. चालक पुढे पाहतो, दुसरा माणूस सतत मागे, खेळाडूवर नजर ठेवतो. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. एकट्याने करण्याचा हा खेळ नाही. त्यामुळे परदेशात अनेक घरांत आई, वडील, मुले आळीपाळीने बोट चालवतात, नजर ठेवतात आणि खेळतात.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: ती पडतेच, रोज पडते. बुडत नाही, कारण तिला पोहता येते, अंगात जॅकेट आहे आणि तिच्याकडे पाहणारे कोणी तरी आहे. माझ्या मामेभावाजवळ त्या दिवशी यातले एकही नव्हते.

आपली नदी

पाण्यावरचे खेळ आपल्यापासून दूर नाहीत. रोह्याजवळच कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते. मुळशीच्या तलावातील पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते, वीज तयार झाली की कुंडलिकेत सोडले जाते. म्हणून उन्हाळ्यातही सकाळी तिथे राफ्टपुरते जोरदार पाणी असते. आसपासच्या गावांतील तरुण तिथे गाइडचे काम करतात. तेही आधी पडण्याचेच शिकवतात: राफ्टमधून पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा, पायाची बोटे पाण्यावर दिसू द्या, उभे राहण्याचा प्रयत्न करू नका.

याच पाण्याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. वर पाणी सोडले की खाली पातळी वाढते. पाऊस नसला, आकाश निरभ्र असले, तरी वाढते.

मुलींचे काय?

हा प्रश्न अम्मी लोक हमखास विचारतात. पाण्यावरचे खेळाडू वापरतात तो वेटसूट गळ्यापासून घोट्यापर्यंत असतो, थंडी आणि खरचटण्यापासून वाचवण्यासाठी. ऑस्ट्रेलियात अहेदा झानेटी या लेबनीज वंशाच्या बाईंनी मुस्लिम मुलींसाठी डोके आणि अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला. तो घालून मेक्का लाला ही सिडनीची तरुणी २००७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरची जीवरक्षक झाली. आपल्याकडे काश्मीरच्या बिल्किस मीर दल सरोवरात वल्हवायला शिकल्या, कयाकिंगमध्ये देशासाठी खेळल्या आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पंच म्हणून गेल्या.

मुलामुलींना यात रोजगारही आहे. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षक आणि बोट चालवण्याचे शिक्षण मिळते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे केंद्र आहे.

घरी एवढे करा

मुलाला बोटीच्या खेळाला पाठवण्याआधी पोहायला शिकवा, निदान पाठीवर तरंगायला. लाइफ जॅकेट मापाचे आहे का पाहा: सगळे पट्टे लावून खांद्यांना धरून वर उचला, जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, दुसरे मागा. जॅकेट न देणाऱ्याच्या बोटीत बसू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. मुले नदीवर असतील तेव्हा एका मोठ्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून फक्त पाण्याकडे पाहायचे.

या सुटीत मी त्या मुलीला आणि माझ्या लेकीला पोहण्याच्या तलावावर नेले, बायकांच्या वेळेत. काठावर बसून राहणार होते, पण लेक म्हणाली, "अम्मी, तू पण ये ना." पहिले तीन दिवस कठडा सुटला नाही. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मानेखाली हात धरला आणि हळूच काढून घेतला. मला अजून पोहता येत नाही, पण पाठीवर पडून तरंगता येते. शेजारी दोघी मुली मोठ्याने आकडे मोजत होत्या. तीसपर्यंत पोहोचल्या.