नावाची किंमत किती?



आठवडी बाजारात मिरची घेताना आपण मूठभर हातात घेतो, वास घेतो, देठ मोडून बघतो. विकणारी ओळखीची असेल तर तेवढंही करत नाही. "दे गं दोन किलो" म्हणून मोकळ्या होतो. मोबाइलवरच्या बाजारात मात्र फक्त फोटो असतो. मालाला हात लावता येत नाही आणि विकणारीही दिसत नाही. तरी लोक अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवतात. ते कशाच्या भरवशावर?

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक लेख लिहिला. गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही, आणि बाजारात खराब माल उरतो. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल मिळालं.

यावर 'ईबे' या अमेरिकन ऑनलाइन बाजाराने एक उपाय केला. हा बाजार १९९५ साली सुरू झाला. व्यवहार झाला की घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल बरं-वाईट मत नोंदवायचं आणि ते सगळ्यांनी वाचायचं. आपण पारावर सांगतो तेच, फक्त लिहून.

पण अशा नावाला खरंच पैसे मिळतात का? पॉल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. ईबेवर चांगलं नाव कमावलेल्या एका विक्रेत्याने जुन्या पोस्टकार्डांच्या सारख्या जोड्या लावल्या. एक गठ्ठा आपल्या नेहमीच्या नावाने विकला, तसाच दुसरा अगदी नव्या नावाने. माणूस तोच आणि मालही सारखाच. २००६ साली निकाल छापून आला: जुन्या नावाला ग्राहक सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. म्हणजे शंभराच्या पापडामागे आठ रुपये निव्वळ नावाचे.

हे नाव डागाळलं तर? लुईस काब्राल आणि अली होर्तासू यांनी ईबेवरच्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१० साली आला. पहिलं वाईट मत येण्याआधी विक्री आठवड्याला सरासरी ५ टक्क्यांनी वाढत होती. ते आल्यावर ती आठवड्याला ८ टक्क्यांनी घटू लागली. पुढच्या तक्रारींचा फटका तेवढा बसला नाही, पण त्या पहिलीपेक्षा लवकर येऊ लागल्या.

आता दुसरी बाजू. लिहिलेली सगळीच मतं खरी मानू नका. सुरुवातीच्या काळात ईबेवर शंभरातली ९९ मतं चांगलीच असत. याचं एक कारण भीती. घेणाऱ्याने वाईट लिहिलं, तर विकणाराही उलट त्याच्याबद्दल वाईट लिहू शकत असे. गावात नाही का, तोंडावर कोणी बोलत नाही? शेवटी २००८ साली विक्रेत्यांनी ग्राहकांना वाईट शेरा देणं ईबेने बंद केलं.

आपल्या बचत गटाने यातून काय घ्यायचं? पापड, लोणचं, मसाला ऑनलाइन विकत असाल, तर एकच नाव धरून ठेवा. एक तक्रार आली म्हणून नवं नाव घेऊन बसलात, तर जुनी कमाईही जाते. फोटो आपल्याच मालाचा लावा. वजन, तारीख, तिखटपणा खरा लिहा. एखादा घाणा बिघडला तर तो पाठवू नका. त्या दिवशीचं नुकसान पुढच्या नुकसानीपेक्षा लहान असतं. तक्रार आलीच, तर वाद न घालता त्याच दिवशी उत्तर द्या, माल बदलून द्या. नातेवाइकांकडून खोटं कौतुक लिहून घेऊ नका.

आणि घेताना? नुसते तारे मोजू नका. मतं किती जणांनी दिलीत ते बघा. नाराज ग्राहकांनी काय लिहिलंय ते आधी वाचा. भाव बघताना पोहोचवण्याचा खर्च धरून बेरीज करा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि माल चांगला मिळाला, तर दोन ओळी जरूर लिहा. कुठल्यातरी गावातल्या एखाद्या गटाला त्या दोन ओळींचेच पैसे मिळणार आहेत.