नळीतला पडदा

पनवेलच्या एखाद्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की आपलं काम संपतं. नळीचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. रक्तातल्या पेशी नळीतही जिवंत असतात. त्या साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. पेशींमधलं पोटॅशियमही हळूहळू बाहेर झिरपतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, न फिरवता बर्फात ठेवली तर जास्तच. नमुना मोठ्या लॅबकडे जायचा असेल, तर सायन-पनवेल रस्त्यावरच्या गर्दीतला प्रत्येक तास महत्त्वाचा. म्हणून पेशी आणि रक्तातला द्रव वेळेत वेगळे करावेच लागतात.

पिवळ्या टोपणाच्या नळीत हे काम तळाशी असलेली जेल करते. नव्या काही नळ्यांमध्ये जेलऐवजी रबरासारखा लवचिक तुकडा असतो, आणि मला त्याची रचना फार सुंदर वाटते. त्याचा एक भाग हलका, दुसरा जड. सेंट्रिफ्यूज फिरू लागलं की हलका वर ओढतो, जड खाली. तुकडा ताणून बारीक होतो, कडेला फट पडते. लाल पेशींची घनता सुमारे १.१, त्या तळाला जातात, रक्तातला द्रव म्हणजे प्लाझ्मा १.०२५च्या आसपास, तो वर येतो. तुकड्याची घनता या दोहोंच्या मधली, म्हणून तो मधोमध तरंगतो. यंत्र थांबलं की ताण सुटतो, तुकडा पुन्हा फुगतो आणि बुचासारखा नळीत घट्ट बसतो. वर पिवळसर, नितळ प्लाझ्मा. खाली गडद लाल थर.