क्षेत्राचे दार

श्रोतेहो, तीर्थयात्रेहून परतलेल्या माणसास घरची मंडळी प्रथम विचारतात ती दर्शनाची हकीकत. मग मूर्ती, कळस, गर्दी, प्रसाद यांचे वर्णन ओघानेच येते. मीही माझ्या परीने थोडाबहुत हिंडलो आहे. आणि साठी उलटल्यावर मला असे वाटू लागले आहे की, क्षेत्र पाहावयाचे तर आधी त्याचे दार पाहावे. ते कोणासाठी उघडते, यातच त्या क्षेत्राची निम्मी कहाणी असते.

अमृतसरच्या हरिमंदिरास चार दिशांना चार दारे आहेत. कोणत्याही दिशेच्या, कोणत्याही जातीच्या माणसाने यावे, असा त्यांचा अर्थ सांगतात. जेरुसलेम मी पाहिलेले नाही. परंतु तेथील ख्रिस्ताच्या समाधिमंदिराची गोष्ट प्रसिद्ध आहे. निरनिराळे ख्रिस्ती पंथ त्या एका वास्तूत आपापली उपासना करतात, आणि दाराची किल्ली मात्र शतकानुशतके मुसलमान घराण्याच्या हाती आहे.

परंतु इतके दूर कशाला जावे? आपल्या खानदेशची मुक्ताई ही तर बंद दाराशी उभी राहिलेली संत आहे. लोकनिंदेने उद्विग्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेरून त्यांची समजूत घालणारी ती धाकटी बहीण. तिचे ते बोल ताटीचे अभंग म्हणून सर्वांस परिचित आहेत. सन १२९७ मध्ये तापीच्या काठी तिने देह ठेविला, असे परंपरा सांगते. तिच्याच नावाच्या मुक्ताईनगरहून दर वर्षी आषाढीस तिची पालखी पंढरीला निघते. जवळच तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. योगबळाने दीर्घायुषी झालेल्या त्या चांगदेवाने या बालिकेस गुरू मानिले, अशी कथा आहे. वयाचा आणि विद्येचा अभिमान हीही एक ताटीच नव्हे काय?

आता जळगावास येऊ. तेथे आप्पा महाराजांनी सन १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीरामाचा रथोत्सव कार्तिक शुद्ध एकादशीस होतो. पुढे दोर ओढणारे असतात. आणि चाकांपाशी मोगरीवाले असतात. चाकाखाली लाकडी मोगरी घालून रथ आवरण्याचे व वळविण्याचे काम त्यांचे. हा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि समाधीवर फुलांची चादर चढविली जाते. हे दोघे सत्पुरुष परस्परांचे स्नेही होते, असे जुनी माणसे सांगतात. एवढा अवजड रथ ओढावयास बळ लागते. पण योग्य दारापुढे तो थांबवावयास शहाणपण लागते.

येथे कोणी म्हणेल की, प्रत्येक दार सर्वांस मोकळे असावे हे म्हणणे कितपत खरे? आपल्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. तिचा रोट भाऊबंदांतच खाण्याची रीत आहे. त्यात परक्याचा अपमान नाही. तो घरचा कुळाचार आहे. परंतु देऊळ हे कोणा एकाचे घर नव्हे. तेथे ज्याला भाऊबंदांबाहेर ठेविले, त्याला देवाबाहेर ठेविल्यासारखे होते.

हा भेद साने गुरुजींनी ओळखला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील हे शिक्षक १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबांनी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्यायांची अठरा. गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. ज्या जागेची दारे कुलुपबंद, तीच जागा तीर्थ झाली! याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरास उपोषण केले, आणि ते दार उघडले.

अखेरीस माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी एका देवळात गेलो होतो. सर्व मुले आत गेली; एक मात्र पायरीपाशी थांबला. मी विचारले, "आत का येत नाहीस रे?" तो म्हणाला, "गुरुजी, मी चपला राखतो." चपला राखावयास त्याला कोणी सांगितले नव्हते. राज्यघटनेने अस्पृश्यता १९५० मध्येच नष्ट केली होती. दाराशी मनाई करणाराही कोणी नव्हता. तरी त्याचे पाऊल उचलले नाही, आणि का उचलले नाही हे मला कळले. कळूनही मी आत गेलो, घंटा वाजविली, आणि परतताना त्याच्या हातावर प्रसाद ठेवून आपण काही भले केले असे समजलो.

त्या देवळातील मूर्ती आज मला आठवत नाही. तो मुलगा आठवतो. ज्या दिवशी त्याचा हात धरून आत न्यावयाचे, त्या दिवशी मी ताटी लावून घेतली होती.

तेव्हा श्रोतेहो, पुढील यात्रेत दर्शनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी मागे वळून एकदा पाहावे. चपलांपाशी कोणी थांबला असेल, तर त्याला घेऊनच आत जावे.