मांजराची साखर घरी तपासताय? मग त्याचा कानही सांभाळा

माणसांसारखाच मांजरांनाही मधुमेह होतो. वय झालेल्या आणि वजन वाढलेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. सारखं पाणी पिणं, लघवी वाढणं, पोटभर खाऊनही वजन उतरणं ही त्याची लक्षणं. निदान झालं की बहुतेक मांजरांना दर १२ तासांनी इन्सुलिन द्यावं लागतं. डॉक्टर घरीच साखर तपासायला सांगतात, कारण दवाखान्यात नेलं की घाबरूनच मांजराची साखर वर जाते.

तपासणीसाठी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतात. काही दिवसांनी कान लाल होतो, खपल्या धरतात, मांजर हात लावू देत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे, बिचाऱ्याला किती टोचायचं!" तपासणी थांबते, इन्सुलिन मात्र चालूच राहतं. खरा धोका इथे आहे. साखर आधीच कमी असताना इन्सुलिन गेलं तर मांजर लटपटतं, त्याला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून तपासणी सोडू नका, टोचण्याची पद्धत सुधारा. ती कशी, ते आम्ही सांगतो.

टोचताना

आधी कान गरम करा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मिनिटभर कानाला लावा, पण ते आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. कान कोरडा करा, ओल्या कानावर आकडा चुकतो. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. शिरेत टोचायचं नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या जागेत टोचायचं. मागे कापसाची घडी धरा. व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला तर थेंब केसांत पसरत नाही.

सुई दर वेळी नवीन घ्या. बोथट झालेली सुई जास्त दुखवते. थेंब घेतला की कापूस निदान अर्धा मिनिट दाबून धरा. निळे डाग आणि गाठी बहुतेक इथल्या घाईमुळेच होतात. सकाळी एक कान, संध्याकाळी दुसरा, आणि जागाही थोडी बदलत राहा. शेवटी मांजराला आवडणारं काहीतरी द्या, पण गोड नको.

हे करू नका

रोज स्पिरिट लावू नका. ते झोंबतं आणि कातडी कोरडी पडते. हळद, तेल किंवा घरातलं मलम लावू नका, मांजर पंजाने कान पुसतं आणि तो पंजा चाटतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.

अम्मी-अब्बांचा ग्लुकोमीटर वापरत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. माणसांच्या मीटरवर मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

टोचल्याची बारीक खूण किंवा थोडी लाली चिंतेची नाही. पण कान गरम लागत असेल, सुजून फुगला असेल, पू किंवा वास येत असेल, तर थांबू नका. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला आणि मांजर सारखं डोकं झटकत असेल, तर कारण सुई नसून कानातले किडे असू शकतात. त्यासाठी कुत्र्यांचं औषध वापरू नका, त्यातली काही मांजरांच्या जिवावर बेततात.

कान फारच दुखावला असेल तर त्याला काही दिवस सुट्टी द्या, तपासणीला नको. पुढच्या पायाच्या मागे, मनगटापाशी एक छोटी गादी असते. तिच्यावर चालताना वजन येत नाही, तिथूनही थेंब घेता येतो. कातडीवर चिकटवायचा सेन्सरही मिळतो. तुमच्या मांजराला काय सोसेल, ते डॉक्टरांना विचारा. आणि तोवर इन्सुलिनचा डोस अंदाजाने कमी-जास्त करू नका.