कच्च्या मोडांचे स्तोम

सकाळच्या फिरण्यात ज्यांची सोबत मला गेली बारा वर्षे बिनतक्रार लाभत आली आहे, त्या आमच्या निवृत्तांच्या मेळ्यातील एका सद्गृहस्थांनी परवा खिशातून एक लहानशी डबी काढली, तिच्यातील मोड आलेले कच्चे मूग माझ्या तळहातावर ठेवले, आणि सरकारी हुकूम वाचून दाखवावा अशा स्वरात बजावले, "शिजवू नका हं. शिजवलं की सत्त्व मेलं." त्याच आठवड्यात, नाशकास नुकताच संसार मांडलेल्या माझ्या भाचीचा फोन आला : "मामा, मटकीला पहिल्यांदाच मोड आणलेत, अगदी नखभर आलेत! पण उसळ केली तर सगळं फुकट जाईल ना? सगळे म्हणतात कच्चेच खायचे." या 'सगळ्यां'ना मी चांगला ओळखतो. ते लग्नघरी भेटतात, दवाखान्याच्या बाकावर भेटतात, आणि विधानाला दाखला मागितला की घाईने विषय बदलतात. सबब या एका समजुतीचा सविस्तर खुलासा करणे मला भाग पडले आहे.

'सत्त्व' हा शब्द मोठा सोयीचा. त्याची फोड करावयास बसले, तर या मंडळींच्या मनात बहुधा क जीवनसत्त्व आणि 'जिवंत विकरे' या दोन वस्तू असतात असे आढळते. पैकी पहिलीच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. क जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही हा रोग होतो, आणि कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेला स्कर्व्हीनाशक गुण मोड येताच त्याच्या ठायी उत्पन्न होतो, हे नॉर्वेतील व्हॅलेंटिन फ्यूर्स्ट याने १९१२ मध्ये दाखवून दिले होते. आणि पहिल्या महायुद्धात स्कर्व्हीने जर्जर झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याच्या बियांचा उपचार केला असता तो लिंबाच्या रसाहून उणा ठरला नाही, असा वृत्तान्त १९१८ च्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध आहे. मात्र त्या सैनिकांना त्या बिया शिजवून दिल्या होत्या, ही गोष्ट कच्च्याचे कैवारी कधी सांगत नाहीत. अमेरिकेच्या कृषिखात्याची अन्नकोष्टके उघडून पाहिली, तर शंभर ग्रॅम कच्च्या मुगाच्या मोडांत सुमारे १३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आढळते आणि उकडलेल्या मोडांत सुमारे ११. ज्याच्या रक्षणासाठी एवढा अट्टहास चालला आहे, तो ऐवज दोन मिलिग्रॅमांचा! तितक्याच वजनाच्या पेरूत तो दोनशेहून अधिक असतो, आणि उसळ उतरवल्यावर वर पिळलेले अर्धे लिंबू ही तूट व्याजासकट भरून काढते.

विकरांचे प्रकरण याहून पोकळ आहे. मुगाची विकरे मुगाच्या रोपासाठी असतात. ती स्वतः प्रथिनेच असल्याने आपल्या जठरातील आम्ल व पाचक रस त्यांची इतर प्रथिनांसारखीच वासलात लावतात, आणि त्या कामी ती कच्ची होती की शिजलेली, याची चौकशी जठर करीत नाही. उलटपक्षी, कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनाला अटकाव करणारी काही द्रव्ये असतात, ती मोडांनी अंशतः उणावतात आणि शिजवण्याने बहुतांशी नष्ट होतात. म्हणजे ज्याला मुगातील प्रथिने खरोखर अंगी लागावयास हवी असतील, त्याने तर ते शिजवूनच खावेत.

येथवरचा वाद केवळ नफ्यातोट्याचा झाला, आणि तेवढाच असता तर मी लेखणी उचलली नसती. खरा मुद्दा जंतूंचा आहे. कडधान्य शेतात पिकते, खळ्यात मळले जाते, गोदामात पडून राहते; शेणखत, माती, उंदीर, पाखरे या साऱ्यांशी त्याचा संबंध येतो, आणि सालीच्या सूक्ष्म भेगांत काही जंतू सुप्तावस्थेत दडून राहतात. मग आपण ते रात्रभर भिजवतो, ओल्या फडक्यात बांधतो, उबदार काळोखात ठेवतो. जे मोडांना मानवते तेच जंतूंनाही मानवते, आणि मूठभर जंतूंचे एका रात्रीत कोट्यवधी होतात. ते ना डोळ्यांना दिसत, ना त्यांचा वास येत. धुण्याने, मिठाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने भेगेतल्या जंतूंचे फारसे बिघडत नाही, आणि फ्रिजमध्ये ते मरत नाहीत, केवळ मंदावतात.

"अहो, पण आमचे मोड घरचे असतात," हे उत्तर मला ठरलेले ऐकावे लागते. म्हणून २०११ सालची हकिकत सांगतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत, विशेषतः हँबुर्गमध्ये, रक्ती अतिसाराची भयंकर साथ उसळली. आधी आळ आला तो स्पेनच्या काकड्यांवर, आणि तेथील बिचाऱ्या शेतकऱ्यांचा माल कवडीमोल झाला. अखेर तपासाचा धागा लोअर सॅक्सनीतील मोड पिकवणाऱ्या एका लहानशा मळ्यापाशी आणि तेथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपाशी पोहोचला. रोबर्ट कोख इन्स्टिट्यूटच्या अहवालानुसार ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५३ दगावले. तो व्यापारी मळा होता, हा आक्षेप मान्य. परंतु जून महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बेग्ल या गावी एका मुलांच्या केंद्राच्या समारंभात तीच व्याधी उद्भवली, आणि तेथे सारावर भुरभुरलेले मोड कोणा कारखान्याचे नव्हते, तर दुकानातून दाणे आणून हौसेने घरगुती प्रमाणात उगवलेले होते. संशयाची सुई तेथेही मेथीवरच स्थिरावली. दोष दाण्याबरोबरच आत येतो. फडके कितीही स्वच्छ असो, हात कितीही धुतलेले असोत.

आपल्याकडे असे कधी ऐकले नाही, असेही कोणी म्हणेल. आपल्याकडे जुलाब झाले की कालच्या पाणीपुरीला दोष देऊन आपण मोकळे होतो, तपासणी करावयास कोण जातो? शिवाय आपल्या आज्या-पणज्यांनी या संकटाचा बंदोबस्त नकळत करून ठेवला होता. मटकीची उसळ, सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे, कुळथाचे कळण, मिसळीचा कट : मोडांचा महाराष्ट्राएवढा लाड क्वचितच कोणी केला असेल, आणि तो सारा चुलीवर केलेला आहे. मुगाची कच्ची कोशिंबीर अपवादाने होई. कच्च्या मोडांची वाटी हे नित्याचे व्रत अलीकडचे.

उरलेल्या गैरसमजांची बोळवण थोडक्यात करतो. मोड आल्याने प्रथिने दुप्पट होतात, हे अशक्य आहे : फडक्यातील पाण्यातून नत्र येत नाही, आणि शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम असलेली प्रथिने तितक्याच वजनाच्या लांब मोडांत, पाणी भरल्यामुळे, अवघी तीन ग्रॅम भरतात. मोडांतून ब-१२ मिळत नाही. मेथी, मुळा, मोहरी यांच्या कोवळ्या मुळांवर दिसणारी पांढरी लव ही बुरशी नव्हे, ते मूलरोम असतात आणि पाण्याने धुतले की चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचे जाळे मात्र दाण्यादाण्यांवर पसरते आणि कुबट वास मारते. पेरणीचे बियाणे 'अस्सल' म्हणून भिजत घालू नये, त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. राजम्याला मोड आले तरी तो कच्चा खाणे म्हणजे वांत्यांना आमंत्रण. त्यातील विषारी द्रव्य खळखळ उकळल्यावाचून जात नाही. मोड आणण्यासाठी यंत्राची तर मुळीच गरज नाही. रात्री तिप्पट पाण्यात भिजवावे, सकाळी पाणी पूर्ण निथळावे, पंचाच्या ओल्या तुकड्यात सैल बांधून चाळणीत ठेवावे. उन्हाळ्यात मटकी रात्रीपर्यंत मोडावते, थंडीत पुरचुंडी चुलीशेजारी डब्यात झाकावी, वालांना दोन रात्री द्याव्या.

भाचीला मी एवढेच सांगितले, "अगं, बिनदिक्कत उसळ कर, दणदणीत वाफ येऊ दे, आणि लिंबू शेवटी पिळ." आमच्या सद्गृहस्थांची डबी अद्याप बंद झालेली नाही, आणि स्वतःच्या पोटापुरती जोखीम पत्करण्याचा त्यांचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध माणसे आणि आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे स्पष्ट सांगणे आहे. तेव्हा नातवाच्या तळहातावर चार दाणे ठेवण्यापूर्वी ते आधी कढईत घाला, ही विनंती.